विमानाच्या दारात हाजराबीची गाडी

धर्माजी पाटील हाजराबीच्या दारात आला तेव्हा ती बैलांपुढं पेंड ठेवत होती. पाटलानं खाकरून पाहिलं, तरी तिनं मान वर केली नाही. तिच्या नवऱ्याला, इस्माईलला, बेड्या घालून नेलं त्या दिवसापासून पाटलाचे पाय या दाराला लागले नव्हते.

"हाजराभाभी, एक काम व्हतं."

"पाटलाच्या घरी गाड्या कमी पडल्या व्हय?"

"गाड्या हायत. तुझ्यासारखे बैल न्हाईत."

हे मात्र खरं होतं. बोरी बुद्रुकच्या वरच्या अंगाला एक लांबलचक माळ होता. लढाईच्या काळात लष्करानं तो सपाट करून, रोलर फिरवून विमानं उतरायला तयार केला होता. लढाई संपली, लष्कर गेलं, माळावर गवत वाढलं. आता छप्पन साली तिथं पुन्हा विमान उतरायचं होतं. गावचाच सावळेराम शेठ मुंबईहून भाड्याचं विमान करून येणार होता. त्यानं बापाच्या नावानं गावात शाळा बांधली होती आणि अक्षय तृतीयेला ती उघडायची होती. बरोबर त्याचे होणारे व्याही आणि विहीणबाई येणार होत्या. मोटारीनं आलं तरी चाललं असतं. पण मुलगी मोठ्या घरात द्यायची, तर आपलं गाव आपल्याला किती मानतं हे त्या मंडळींना आभाळातून दाखवायचं शेठच्या मनात होतं.

माळ अजून नीट आहे का ते बघायला वैमानिक आठ-दहा दिवस आधी एकदा नुसताच येऊन गेला. पाटलानं त्याच्या स्वागताला आपली शर्यतीची खिलारी खोंडं गाडीला जुंपून नेली होती. विमान घरघरत खाली आलं मात्र, खोंडांनी जी धूम ठोकली, ती गाडीचं एक चाक ओढ्यात आणि जू बाभळीत टाकूनच थांबली. गाडीवानाचा हात मोडला. त्याच माळाच्या कडेला हाजराबीचे बैल चरत होते. त्यांनी कान हलवले आणि पुन्हा गवतात तोंड घातलं. मढच्या बाजूला घाटरस्त्याचं काम चाललं होतं तेव्हा दोन वर्षं त्यांनी तिथं खडी ओढली होती. डोंगरात सुरुंग उडायचे आणि हे दोघे खाली उभ्या उभ्या रवंथ करायचे.

वैमानिक दारातून उडी मारून खाली उतरला. जाताना पाटलाला म्हणाला, मुंबईला विमानाला चाकांचा जिना लावतात, इथं काय आहे? विमानाचं दार पाटलाच्या छातीला लागत होतं. शेठचं वजन मोठं, गुडघे सुजलेले, बरोबर म्हातारी विहीणबाई. जिना कुठून आणायचा? तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं, की हाजराबीच्या गाडीची चाकं गावात सगळ्यांत उंच आहेत. गाडी मागून नेऊन दाराला भिडवली, तर माणूस विमानातून थेट गाडीत पाय टाकील आणि बसल्या जागी मांडवात पोचेल. पायाला धूळसुद्धा लागायची नाही.

पाटलानं हे सगळं सांगितलं. हाजराबी ऐकत राहिली.

"शेठला म्हाईत हाय का गाडी कुणाची ते?"

"त्याला काय करायचंय? मुंबईचा माणूस. इसरला आसंल." पाटील जरा थांबला. "तुला काय पायजे ते सांग."

"मला काय बी नको," हाजराबी म्हणाली. "गाडी मी आणते. हाकणार पण मीच. माझ्याबिगर ते बैल मागं सरत न्हाईत."

पाटील सुटल्यासारखा निघून गेला. घरातून आमिना, तिची मुलगी, बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"अम्मा, त्या माणसाला तू गाडीत बसवून मिरवणार?"

"बसवते का न्हाई ते बघशील."

आमिनानं आईच्या तोंडाकडं पाहिलं आणि ती बैलांसाठी पाणी आणायला वळली.

इस्माईलनं चोरी केली नव्हती. लढाईत माळावर काम निघालं तेव्हा सडकेवरून पेट्रोलचे डबे वर आणायचं काम त्याच्या गाडीला मिळालं होतं. सावळेराम तेव्हा शेठ नव्हता, मजुरांवरचा मुकादम होता. डबे कमी भरू लागले. लष्कराचा साहेब तपासाला येणार म्हटल्यावर सावळेरामानं दोन डबे इस्माईलच्या गाडीत कडब्याखाली सारले आणि साहेबाच्या देखत आपणच शोधून काढले. भागू नावाच्या एका मजुरानं ते सारताना पाहिलं होतं. पुढं त्यानं हाजराबीला तसं रडत रडत सांगितलंही. पण कोर्टात जायला तो धजला नाही. कोर्टात उभा राहिला तो धर्माजी पाटील. "डबे लपवताना मी याला डोळ्यांनी बघितलं," असं तो शपथेवर म्हणाला. त्याच साली पाटलाचा धाकटा भाऊ सावळेरामाच्या हाताखाली कामाला लागला.

इस्माईलला चौकीत तळपायांवर इतकं मारलं, की तुरुंगातून सुटून आल्यावर त्याला गाडीवर उभं राहता येईना. आणि उभं राहता आलं असतं तरी चोराच्या गाडीत माल कोण भरणार? तो ओट्यावर बसून राहायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून सांगायचा, "म्या न्हाई घेतलं." लोक "बरं बरं" म्हणून पुढं जायचे. शेवटी शेवटी तो बैलांनाच सांगायचा. मग एका हिवाळ्यात तो गेला, आणि हाजराबी पदर खोचून गाडीवर बसली. लांबच्या गावांना, जिथं तिला कुणी ओळखत नव्हतं, तिथं जाऊन तिनं दगड वाहिले, विटा वाहिल्या, खडी वाहिली. गावात तिला चोराची बायको म्हणत. जुन्नरच्या पीरमहंमदानं आपल्या मुलासाठी आमिनाला मागणी घातली होती, साखर वाटून झाली होती. मग कुणीतरी त्याला इस्माईलची गोष्ट सांगितली. पीरमहंमदानं निरोप धाडला, चोराच्या घरची मुलगी नको. त्यालाही आता तीन वर्षं झाली होती. आमिना घरात बसून लोकांच्या गोधड्या शिवत होती.

त्या तीन वर्षांत हाजराबीनं अनेकदा मनात ठरवलं होतं, की मुंबईला जायचं, सावळेरामाचं घर शोधायचं, त्याच्या दारात उभं राहायचं. पण तिथं तिला आत कोण घेणार, आणि ऐकणार कोण? आता तोच येत होता. सगळ्या गावासमोर, तिच्याच गाडीच्या भरवशावर.

अक्षय तृतीयेच्या दिवशी सकाळपासून माळ माणसांनी भरून गेला. बोरीची, आसपासच्या वाड्यांची, पार डिंगोऱ्यापर्यंतची माणसं विमान बघायला आली होती. मांडव खाली शाळेपाशी होता, माळापासून बराच दूर. वाजंत्री, लेझीमवाले, हार घेतलेली पोरं माळावर उभी होती. हाजराबीनं गाडी धुऊन काढली होती. पाटलानं तिच्यात गादी टाकली, वर तक्क्या ठेवला, साट्याच्या लाकडांना आंब्याची पानं बांधली. हाजराबीनं त्याला सगळं करू दिलं.

ऊन चांगलं तापल्यावर विमान आलं. धुळीचा लोट उठला, बायकांनी तोंडावर पदर घेतले, आणि पार टोकाला जाऊन ते वळलं, थांबलं. पंख्याची पाती थांबली. दार उघडलं. वैमानिकानं खाली उडी टाकली आणि पाणी मागितलं. त्याच्यामागं दारात सावळेराम शेठ उभा राहिला. पांढरा लांब कोट, रेशमी फेटा, हातात चांदीच्या मुठीची काठी. दार त्याच्या अंगानं भरून गेलं. मागं व्याह्यांची काळी टोपी दिसत होती.

वाजंत्री सुरू झाली. हाजराबीनं कासरा ओढला, जिभेनं चक् चक् केलं, आणि बैल एकेक पाऊल मागं सरू लागले. गाडी मागच्या अंगानं विमानाच्या दाराकडं जाऊ लागली. लोकांनी वाहवा केली. दारापासून हात-दीड हातावर तिनं गाडी थांबवली.

"आजून मागं घे," पाटील ओरडला. "आजून थोडी."

"घेते की," हाजराबी म्हणाली. ती धुरेवरून उठली, गादी तुडवत गाडीच्या मागच्या टोकाला आली आणि कासरा हातात धरून शेठच्या समोर उभी राहिली. दोघांच्या तोंडांत काठीएवढंसुद्धा अंतर नव्हतं. "मुकादम, वळखलं का?"

कित्येक वर्षांत त्याला कुणी मुकादम म्हटलं नव्हतं. त्याचा चेहरा उतरला, पण क्षणभरच.

"कोण ही बाई? धर्माजी, गाडी लाव."

"गाडी माझी हाय. मी इस्माईलची बायको. पेट्रोलचे डबे कुणी इकले आन् कडब्याखाली कुणी ठिवले, येवढं सांगा. मोठ्यानं सांगा. मग गाडी लागंल."

पुढच्या लोकांनी ते ऐकलं, त्यांनी मागच्यांना सांगितलं. वाजंत्रीवाले गोंधळले. आधी ताशा थांबला, मग सनई.

पाटील धावत आला. त्यानं बैलांच्या वेसणीला हात घातला, तसं उजवीकडच्या बैलानं शिंग उगारलं. पाटील मागं हटला. "भाभी, आसं करू नगं. गावाची आब्रू हाय."

"माझ्या दाल्ल्याची न्हवती का? तुमचं बी बोलणं बाकी हाय, पाटील. पर आधी त्यांचं."

शेठनं पाय पुढं टाकून अंतराचा अंदाज घेतला. हाजराबीनं कासरा सैल सोडला. बैल एक पाऊल पुढं सरले. शेठनं चौकटीला घट्ट धरलं आणि पाय मागं घेतला.

"धर्माजी! दोन माणसं बोलाव. खांद्यावर घेऊन उतरवा आम्हाला."

पाटलानं चौफेर पाहिलं. समोरच भागू उभा होता, अजून चांगला धट्टाकट्टा. "भागू, ये रं. खांदा दे."

भागूनं शेठकडं पाहिलं. हाजराबीकडं पाहिलं. आणि होता तिथंच गवतात फतकल मारून बसला. त्याच्या शेजारी आणखी एक बसला. मग याच माळावर मुकादमाच्या छडीखाली माती वाहिलेली सगळीच माणसं बसली. एकही खांदा पुढं आला नाही. पाटलानं शाळेतून टेबल आणायला दोघांना पिटाळलं, पण शाळा लांब होती.

इकडं विमानाचा पत्रा तापत होता. आकाशात असताना गार वाटणारं ते यंत्र आता भट्टीसारखं झालं होतं. आतून विहीणबाईंचा आवाज आला, पाणी आहे का हो. व्याह्यांनी टोपी काढून वारा घेतला. ते वैमानिकाला म्हणाले, काहीतरी करा. वैमानिक पंखाच्या सावलीत तांब्या तोंडाला लावून बसला होता. "सेठ, मेरा काम ज़मीन तक लाने का था," तो म्हणाला. "वो मैंने कर दिया."

"खोटं आहे हे," शेठ म्हणाला. घामानं त्याच्या फेट्याचा रंग कपाळावर उतरला होता. "कोर्टात ठरलंय. साक्षीदार होता. विचारा या धर्माजीला."

सगळ्यांची तोंडं पाटलाकडं वळली. हाजराबीही त्याच्याकडंच बघत राहिली. पाटील जमिनीकडं बघत उभा होता. "विचारा की," शेठ पुन्हा म्हणाला, आणि पाटील वर न बघताच पुटपुटला, "मी काय बी बगितलं नवतं. तुमी सांगितलं म्हणून बोललो."

माळावर कुजबुज उठली. शेठच्या मागून व्याही कंटाळून म्हणाले, "अहो, जुनं काय असेल ते सांगून टाका एकदाचं. हिला भोवळ येतेय. दोन डब्यांचं काय घेऊन बसलात!"

त्यांना ती दोन डब्यांचीच गोष्ट वाटत होती. शेठनं मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं, मग खाली बसलेल्या माणसांकडं. आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी बोलला.

"ऐकू न्हाई आलं," हाजराबी म्हणाली.

"इस्माईलनं चोरी केली नव्हती!" तो ओरडला. आवाज फाटला. "डबे मी विकले. मीच ठेवले त्याच्या गाडीत. झालं समाधान? लाव आता गाडी!"

हाजराबीच्या मनात कितीतरी वर्षं हा क्षण घोळत होता. तेव्हा तिला वाटायचं, हे ऐकल्यावर आपल्याला रडू येईल, छाती मोकळी होईल. तसं काही झालं नाही. इस्माईलचे सुजलेले तळपाय तिला दिसले, आणि समोर हा चांदीची काठी घेतलेला माणूस, जो आता गादीवर बसून वाजतगाजत मांडवात जाणार होता. एका ओरडण्यात त्याचं सगळं फिटलं होतं.

तिनं कासरा ओढला. बैल मागं सरले. गाडी दाराच्या उंबऱ्याला अलगद टेकली.

"आधी बाईंना येऊ द्या," ती म्हणाली.

शेठ बाजूला झाला. हाजराबीनं हात देऊन विहीणबाईंना गाडीत घेतलं, गादीवर बसवलं, आपल्या गाडग्यातलं पाणी प्यायला दिलं. मग व्याही आले. "म्होरं सरका," ती म्हणाली, "मागं भार नगं." ते पुढं सरकले. ती धुरेवर जाऊन बसली. मागं शेठनं फेटा सारखा केला, काठी गाडीत टेकवली आणि पाय उचलला.

हाजराबीनं बैलांच्या पाठीवर थाप मारली.

गाडी निघाली. काठी गाडीतच राहिली. शेठ चौकटीला लोंबकळून कसाबसा सावरला. "ए! ए बाई!" तो ओरडत होता. "मी सांगितलं ना! थांब!"

हाजराबीनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. "मुकादम," ती मोठ्यानं म्हणाली, "गाडी लागंल म्हणलं व्हतं, ती लागली. तुमाला न्हेते आसं कदी म्हणलं?"

पहिल्यांदा भागू हसला. मग सगळा माळ हसला. बसलेली माणसं उठली आणि गाडीमागून चालू लागली. लेझीमवाल्या पोरांना काय करावं कळेना. मग गाडी चाललीय तर आपण चालायचं, असं धरून ती गाडीपुढं नाचू लागली. हारवाल्या पोरांनी हार व्याह्यांच्याच गळ्यात घातले.

शेठ शेवटी उंबऱ्यावर बसला आणि घसरत खाली उतरला. पत्र्यात अडकून कोट बगलेपासून खालपर्यंत फाटला. टेबल आणणारे दोघं त्याला अर्ध्या वाटेवर भेटले. भर उन्हात, सुजलेल्या गुडघ्यांनी, काठीशिवाय तो माळ उतरला. सोबतीला एकटा धर्माजी पाटील होता, आणि तोही दोन पावलं मागं ठेवून चालत होता.

शाळा त्या दिवशी उघडली. शेठनं नारळ फोडला, चार वाक्यं बोलला. टाळ्या पडल्या त्या पुढं बसलेल्या सरकारी पाहुण्यांच्या. मुलीचं लग्नही ठरल्याप्रमाणं मुंबईत झालं. व्याह्यांना मधे असलं काही येऊ द्यायचं नव्हतं. हे कळलं तेव्हा हाजराबीला वाईट वाटलं नाही आणि बरंही वाटलं नाही. त्या मुलीशी तिचं काही वैर नव्हतं.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर तिनं बैल सोडले, हातपाय धुतले आणि जेवायला बसली. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. आमिना एकेक भाकरी टाकत होती, हाजराबी खात होती.

"अम्मा, बरं वाटलं?"

"लई बरं वाटलं. आनखी एक दे."

थोड्या दिवसांनी जुन्नरहून पीरमहंमद आला. माळावरची गोष्ट बाजारात पोचली होती. मुलाचं अजून कुठं जमलं नव्हतं. तो ओट्यावर बसला, मानानं बोलला, गैरसमज झाला म्हणाला. हाजराबीनं त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

"इस्माईल चोर व्हता तवाबी तो इस्माईलच व्हता," ती म्हणाली. "तुमी एकदा येऊन माझ्या तोंडाकडं बगून इचारलं आसतं, तर मी सांगितलं आसतं. जावा."

तो गेल्यावर ती आमिनाकडं वळली. मनातून ती घाबरली होती, की पोरीला ते घर हवं असलं तर? आमिना सुईत दोरा ओवत होती. "बरं केलंस," ती म्हणाली. "तू नसतं केलंस तर मी केलं असतं." पुढच्या वर्षी मंचरच्या एका घरातून तिला मागणी आली. मुलाच्या आईनं पहिल्याच भेटीत सगळं तोंडावर विचारलं, आणि हाजराबीनं सगळं सांगितलं. ते लग्न झालं.

धर्माजी पाटील त्यानंतर कितीतरी वेळा वाटेत आडवा आला. "हाजराभाभी, राम राम," म्हणायचा. ती गाडी हाकत पुढं जायची. गावातल्या कुणाचंही धान्य, लाकूड, विटा ती वाहायची. पाटलाच्या घरचं कधी वाहिलं नाही. एकदा बायकांनी तिला समजावलं, त्यानं तर शेवटी खरं सांगितलं ना? ती म्हणाली, "त्यानं आपली कातडी वाचवाया सांगितलं. इस्माईल जित्ता आसता तर मी बी इचार केला आसता."

बऱ्याच वर्षांनी मुंबईहून बातमी आली, की सावळेराम शेठच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलंय. उठता येत नाही, बोलताही येत नाही, दोन माणसं उचलून इकडून तिकडं करतात. भागू मुद्दाम हाजराबीला सांगायला आला. ती गाडीच्या आखाला वंगण घालत होती. भागूला वाटलं, आता तरी ती म्हणेल, जाऊ दे, बिचारा.

"आयकू येतं का त्याला?" तिनं विचारलं.

"येतं म्हणतात."

"मग बरं हाय. कुणी चोर म्हणलं तर आयकू येईल, पर इस्माईलगत 'म्या न्हाई घेतलं' म्हणता यायचं न्हाई," हाजराबी म्हणाली, आणि तिनं दुसऱ्या चाकाकडं हात वळवला.